ब्राउझरची फेरफार नोंदवही

म्हसळा तालुक्यातल्या बहुतेक घरांचा एक पाय गावात असतो आणि एक मुंबईत. कोणी डोंबिवलीला, कोणी मीरा रोडला, कोणी थेट आखातात. जमीन मात्र एकत्र असते आणि तिच्या सातबाऱ्यावर काकांपासून पुतण्यांपर्यंत सगळी नावे एकाखाली एक उभी असतात. पूर्वी उतारा हवा असला की रजा टाकायची, माणगावला उतरून म्हसळ्याची एसटी धरायची आणि तलाठी जागेवर भेटतील अशी आशा करायची. आता तोच उतारा फोनवर दिसतो. महाभूलेख या संकेतस्थळावर कोकण विभाग, मग रायगड जिल्हा, मग म्हसळा तालुका, मग मेंदडी, खरसई, पाभरे यांपैकी आपले गाव आणि शेवटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबर. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याचे शुल्क १५ रुपये. गाडीभाडे आणि बुडणारी मजुरी धरली, तर कोकणातल्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे.

अशी एकामागून एक निवड करायला लावणारी पाने आता सगळीकडे आहेत. दाखल्यांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, पीकविम्यासाठी, रेल्वेच्या तिकिटासाठी. आणि त्यांतल्या कित्येकांना एक जुने दुखणे आहे. पाचव्या टप्प्यावर आल्यावर लक्षात येते की गाव चुकीचे निवडले. माणूस सवयीने ‘बॅक’ करतो. त्याला जायचे असते एक पाऊल मागे. पण तो पोचतो एकदम पहिल्या पानावर, किंवा त्या संकेतस्थळाच्याच बाहेर. मोबाइल नंबर, ओटीपी, कॅप्चा, सगळे नव्याने. म्हणून काही ठिकाणी ठळक अक्षरांत बजावलेले असते : बॅक बटण दाबू नये, पान रिफ्रेश करू नये. माझे मत स्पष्ट आहे. ही सूचना म्हणजे संकेतस्थळ बांधणाऱ्याने अर्धवट सोडलेले काम वापरणाऱ्याच्या माथी मारणे आहे. ब्राउझरने हे काम नीट करण्यासाठी लागणारी साधने बऱ्याच वर्षांपूर्वीच देऊन ठेवली आहेत. ती कोणती आणि कशी चालतात, ते समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करून ठेवू. ब्राउझरमध्ये ‘हिस्टरी’ नावाच्या दोन नोंदी असतात. एक म्हणजे मेन्यूत दिसणारी लांबलचक यादी : काल काय पाहिले, गेल्या आठवड्यात काय पाहिले. ती वापरणाऱ्याची खासगी गोष्ट असते आणि कोणत्याही संकेतस्थळाला ती उघडून वाचता येत नाही. दुसरी नोंद प्रत्येक टॅबची स्वतंत्र असते. या टॅबमध्ये आपण कोणत्या पानावरून कोणत्या पानावर आलो, एवढाच तिचा विषय. ‘बॅक’ आणि ‘फॉरवर्ड’ तिच्यावर चालतात, आणि जावास्क्रिप्टचा हात पोचतो तो फक्त या दुसऱ्या नोंदीपर्यंत. तोही बेताने.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीतून ती लोकांपुढे आली आणि तेव्हापासूनच तिच्यात ‘हिस्टरी’ नावाची वस्तू आहे. तिला तीन हुकूम देता येतात. ‘बॅक’ म्हणजे एक पाऊल मागे, ‘फॉरवर्ड’ म्हणजे एक पाऊल पुढे आणि ‘गो’ म्हणजे सांगाल तितकी पावले : उणे दोन सांगितले तर दोन पाने मागे, अधिक एक सांगितले तर एक पान पुढे. शून्य सांगितले तर आहे तेच पान पुन्हा मागवले जाते. नोंदीत नाही इतके मागे जायला सांगितले तर काहीच घडत नाही. तक्रारही येत नाही. याशिवाय ‘लेंग्थ’ विचारली तर नोंदीत एकूण किती पाने आहेत तो आकडा मिळतो.

आकडा मिळतो, पण पत्ते मिळत नाहीत. ही मर्यादा जाणूनबुजून घातलेली आहे. आपण आजाराची माहिती वाचून मग एखाद्या दुकानाच्या पानावर आलो असू, तर आधीचे पान कोणते होते हे दुकानदाराला या नोंदीतून कळू नये. तरी फटी राहिल्याच. पाहिलेल्या लिंकचा रंग बदलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बरीच वर्षे एखादे पान हजारो लिंका गुपचूप मांडून, त्यांतल्या कोणत्या जांभळ्या झाल्या ते जावास्क्रिप्टने तपासू शकत असे. म्हणजे माणूस कुठे कुठे फिरून आला, ते रंगावरून काढता येई. मोझिलाचे डेव्हिड बॅरन यांनी २०१० मध्ये यावर उपाय सुचवला : रंग माणसाला दिसू द्यायचा, पण जावास्क्रिप्टने विचारले तर ‘लिंक कोरी आहे’ असेच उत्तर द्यायचे. पुढे इतर ब्राउझरांनीही तोच मार्ग धरला.

आता या नोंदीची रचना पाहू. गावच्या दप्तरात गाव नमुना सहा असतो, म्हणजे फेरफार नोंदवही. सातबारा आज काय आहे ते सांगतो. तिथपर्यंत कसे आलो, ते फेरफार सांगतो. खरेदी झाली, वारस लागले, वाटप झाले, की दर वेळी नवा क्रमांक पडतो आणि सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते. टॅबची नोंद अशाच क्रमाने वाढते. पडद्यावरचे पान म्हणजे सातबारा आणि मागची नोंद म्हणजे फेरफार. फरक एकच, पण मोठा. महसुलाच्या वहीत एकदा पडलेला क्रमांक पुसला जात नाही. ब्राउझरमध्ये मात्र तुम्ही तीन पावले मागे आलात आणि तिथून नवी लिंक उघडली, की पुढची ती तीन पाने नोंदीतून जातात. ‘फॉरवर्ड’ त्यांच्याकडे आता नेत नाही. जुन्या वाटेवरून मागे येऊन नवा फाटा धरला की आधीचा फाटा मिटतो, आणि अनेकांचा गोंधळ नेमका इथे होतो.

टॅबची ही वही लोक किती वापरतात? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात लिंडा टॉशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी १९९७ मध्ये छापलेल्या अभ्यासात असे आढळले, की पाहिलेल्या पानांपैकी ५८ टक्के पाने आधी पाहिलेलीच असतात आणि एकूण हालचालींपैकी सुमारे ३० टक्के ‘बॅक’ने होतात. आज क्रोमच्या आकडेवारीनुसार संगणकावर दहांतली एक आणि मोबाइलवर पाचांतली एक हालचाल मागे किंवा पुढे जाण्याची असते. म्हणजे मोबाइलवर ‘बॅक’ची गरज दुप्पट. छोट्या पडद्यावर एका वेळी थोडेच मावते, म्हणून माणूस आत जातो, बघतो, बाहेर येतो. म्हसळ्यासारख्या तालुक्यात अनेकांसाठी फोन हाच एकमेव संगणक आहे, हे ध्यानात ठेवून हा आकडा वाचायला हवा.

सुरुवातीची वेब साधी होती. प्रत्येक लिंक म्हणजे नवे पान, प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता, आणि प्रत्येक पत्त्याची वहीत एक नोंद. ‘बॅक’ बिघडायला जागाच नव्हती. बिघाड आला तो सोयीच्या पाठोपाठ. १ एप्रिल २००४ ला जीमेल आले, फेब्रुवारी २००५ मध्ये गुगल मॅप्स आले, आणि त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. पूर्ण पान नव्याने न मागवता जावास्क्रिप्टने फक्त हवी तेवढी माहिती सर्व्हरकडून आणायची आणि आहे त्याच पानात भरायची. तालुका निवडला की खाली गावांची यादी आपोआप येते, ती याच युक्तीने. पाने चपळ झाली. पण माणसाच्या दृष्टीने पाच पावले पुढे गेलेली वाट ब्राउझरच्या दृष्टीने एकाच जागी उभी होती, कारण पत्ता बदललाच नव्हता. वहीत नोंद एकच. मग ‘बॅक’ दाबल्यावर ब्राउझर प्रामाणिकपणे त्या एका नोंदीच्या मागे जातो, म्हणजे थेट दाराबाहेर. दोष ब्राउझरचा नाही. त्याला पावलांची खबरच कोणी दिलेली नाही.

यावर पहिला तोडगा निघाला तो पत्त्याच्या शेपटीत. पत्त्यात हॅशचे चिन्ह टाकून पुढे काही लिहिले, तर पान नव्याने येत नाही, पण वहीत नोंद मात्र पडते. लांब पानात ठरावीक परिच्छेदावर उडी मारण्यासाठी केलेली ही जुनी सोय. कारागिरांनी तिचा उपयोग टप्पे लिहायला केला आणि काही वर्षे सगळी वेब अशा शेपट्यांनी भरून गेली. त्याची किंमतही पडली. हॅशपुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे पत्ता पाहून सर्व्हरला काही कळत नसे, आणि जावास्क्रिप्ट अडखळली की पान कोरे. फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या अमेरिकी वृत्तसमूहाची संकेतस्थळे नव्या रूपात याच पद्धतीवर गेली आणि एका बिघाडासरशी कोरी पडली. ट्विटरनेही ही वाट धरली होती. २०१२ मध्ये ते परत फिरले.

तोवर खरा उपाय आलेला होता. २०१० च्या सुमारास क्रोम आणि सफारीत, २०११ मध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत आणि २०१२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या दहाव्या आवृत्तीत दोन नवे हुकूम मिळाले : ‘पुशस्टेट’ आणि ‘रिप्लेसस्टेट’. पान न बदलता वहीत नोंद करण्याचा अधिकार त्यांनी प्रथमच जावास्क्रिप्टला सरळपणे दिला.

समजा, म्हसळा तालुक्यातल्या गावांची माहिती देणारे एक पान आपण बांधतो आहोत. वाचकाने ‘म्हसळा’ निवडले की गावांची यादी दिसते. त्याच क्षणी आपण पुशस्टेट करायचे. त्याला तीन गोष्टी द्याव्या लागतात. पहिली ‘स्टेट’, म्हणजे या टप्प्यावर काय काय निवडले आहे त्याची छोटी चिठ्ठी : जिल्हा रायगड, तालुका म्हसळा. दुसरी शीर्षक, ते जवळपास कोणताच ब्राउझर विचारात घेत नाही, म्हणून रिकामे ठेवायचे. तिसरी नवा पत्ता, ज्यात रायगड आणि म्हसळा ही दोन्ही नावे येतील. वाचकाने मेंदडी निवडले की दुसरे पुशस्टेट. सर्व्हे नंबर टाकला की तिसरे. आता वहीत तीन खऱ्या नोंदी आहेत.

वाचक ‘बॅक’ करतो. ब्राउझर पत्ता एक पाऊल मागे नेतो आणि ‘पॉपस्टेट’ अशी हाक देतो. सोबत त्या पावलाची चिठ्ठी परत करतो. इथे बांधणाऱ्याचे अर्धे काम उरलेले असते आणि बरेच जण नेमके तेच विसरतात. हाक ऐकून, चिठ्ठी वाचून, पडद्यावर गावांची यादी पुन्हा मांडणे हे आपल्या कोडचे काम. ब्राउझर ते आपणहून करणार नाही. नोंद केली पण हाकेला ओ दिली नाही, तर वरचा पत्ता बदलतो आणि खाली पान ढिम्म हलत नाही. ही हाक मागे-पुढे जाताना येते. पुशस्टेट करताना येत नाही. आणि ‘बॅक’चा हुकूम दिल्याबरोबर पान मागे गेलेले नसते, ते थोड्या वेळाने जाते. पुढच्याच ओळीत नवे पान आले असे धरून चाललेला कोड हमखास चुकतो.

पत्ता बदलण्याच्या या अधिकाराला एक कुंपण आहे : आपल्याच संकेतस्थळाच्या हद्दीतला पत्ता लिहिता येतो, दुसऱ्याचा नाही. तसे नसते तर कोणतेही भामटे पान पत्त्याच्या पट्टीवर बँकेचे नाव लिहून बसले असते.

रिप्लेसस्टेटचे काम निराळे. ते नवी नोंद घालत नाही, आहे तीच नोंद दुरुस्त करते. आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जमीन तीच, मालक तोच, मोजणी तीच. फक्त कागदाच्या माथ्यावरचे नाव बदलले. कोणी कुठे गेले नाही की आले नाही. अशा बदलासाठी रिप्लेसस्टेट. वाचकाने यादीची मांडणी बदलली, शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर टाकले, तर पत्ता ताजा ठेवावा, पण नवे पाऊल मोजू नये. अक्षरागणिक पुशस्टेट केले तर ‘खरसई’ टाइप केलेल्या माणसाला यादीबाहेर पडायला तेवढ्याच वेळा मागे यावे लागेल. मी एकच कसोटी लावतो. वाचकाला ‘मी पुढे गेलो’ असे वाटले का? वाटले असेल तर पुश, नसेल तर रिप्लेस. हा निर्णय यंत्र करू शकत नाही. त्यासाठी वापरणाऱ्याच्या शेजारी बसून पाहावे लागते.

या साधनांचा गैरवापरही भरपूर झाला. काही पाने उघडताक्षणी वहीत दहा-वीस खोट्या नोंदी घालत. ‘बॅक’ कितीही दाबा, तुम्ही तिथेच. क्रोमने २०१९ मध्ये ७५ व्या आवृत्तीपासून याला आळा घातला : वाचकाने स्पर्श किंवा क्लिक न करता पानाने परस्पर घातलेल्या नोंदी ‘बॅक’ करताना ओलांडल्या जातात. शिवाय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये एका टॅबच्या वहीत ५० च नोंदी मावतात. त्यापुढे जुन्यातली जुनी गळते. खोट्या नोंदींनी वही भरली तर खऱ्या जातात. कधी कधी सापळा नकळतही लागतो. ‘काही क्षणांत आपण पुढील पानावर जाल’ असे सांगणारे मधले पान साध्या रीतीने पुढे ढकलत असेल, तर मागे आलेला वाचक त्या मधल्या पानावर पोचतो आणि ते त्याला पुन्हा पुढे फेकते. तिथे ‘लोकेशन’चा ‘रिप्लेस’ हा हुकूम वापरला की मधले पान वहीत राहतच नाही.

शुल्क भरण्याच्या पानाची गोष्ट आणखी नाजूक. फॉर्म सर्व्हरकडे गेला आणि त्याच्या उत्तरादाखल आलेल्या पानावर वाचक थांबला, तर ते पान रिफ्रेश करताना ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असे ब्राउझर विचारतो. सर्व्हरने काळजी घेतली नसेल तर ‘हो’ म्हणणाऱ्याची नोंद दोनदा होते, पैसेही दोनदा जाऊ शकतात. यावरचा इलाज सर्व्हरकडे आहे. फॉर्म स्वीकारल्यावर ३०३ या क्रमांकाचे उत्तर देऊन वाचकाला पावतीच्या वेगळ्या पत्त्यावर पाठवायचे. मग रिफ्रेश केले तरी पावतीच पुन्हा दिसते. एवढे केले तर ‘बॅक दाबू नये’ ही पाटी बऱ्याच ठिकाणांहून उतरवता येईल.

‘बॅक’ बरोबर चालणे आणि लवकर चालणे यांत अंतर आहे, आणि ते म्हसळ्यात जास्त जाणवते. घोणसे घाटात आणि खाडीकाठच्या वाड्यांत फोनची रेंज येते-जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या बागा, छपरे आणि विजेचे खांब एकत्रच पडले, आणि जाळे परत येईपर्यंत भरपाईच्या माहितीसाठीही लोक सिग्नल शोधत फिरत होते. अशा ठिकाणी मागे येताना पान पुन्हा डाउनलोड करायला लावणे म्हणजे एकदा मिळालेली गोष्ट हिरावून घेणे. म्हणून ब्राउझर आता आख्खे पान, त्यातल्या चालू जावास्क्रिप्टसह, गोठवून स्मृतीत ठेवतात आणि ‘बॅक’ केले की जसेच्या तसे काढून देतात. फायरफॉक्सच्या दीड क्रमांकाच्या आवृत्तीत हे २००५ पासून होते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ते २०२० च्या अखेरीपासून आले आणि संगणकावरच्या क्रोममध्ये २०२१ पासून. त्यासाठी एकही बाइट डेटा लागत नाही. पण काही जुन्या सवयी ही सोय बंद पाडतात. पान सोडताना चालणारा ‘अनलोड’चा कोड हे त्यातले नेहमीचे कारण, तो काढून टाकला की कित्येक पाने आपोआप हलकी होतात.

इथेच एक धोकाही आहे, आणि तो शहरातल्या बांधणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. गावाकडे अनेकांची कामे सेतू केंद्रात किंवा महा ई-सेवा केंद्रात होतात. संगणक एक, माणसे अनेक. एकाने आधार क्रमांक भरून काम केले, लॉगआउट केले, उठला. पुढच्याने ‘बॅक’ दाबले आणि आधीच्याचे गोठवलेले पान समोर आले. हे टाळायला दोन गोष्टी कराव्यात. खासगी माहितीच्या पानासोबत ‘नो-स्टोअर’ ही सूचना पाठवावी, म्हणजे ब्राउझरने प्रत साठवू नये. आणि पान पुन्हा दाखवले जाताना ‘पेजशो’ नावाची हाक येते तिच्यात ते गोठवलेले होते का ते तपासून, लॉगइन संपले असेल तर पान नव्याने मागवावे. पुशस्टेटच्या पत्त्यात गावाचे नाव चालेल, पण मोबाइल नंबर किंवा आधार कधीही घालू नये. पत्ता त्या संगणकाच्या मोठ्या यादीत राहतो, आणि ती यादी केंद्रात येणारा कोणीही उघडू शकतो.

खऱ्या पत्त्यांचा सगळ्यात मोठा लाभ मात्र ‘बॅक’पलीकडचा आहे. मेंदडीतल्या बहिणीला एखाद्या गटाचे पान सापडले की ती त्याचा पत्ता व्हॉट्सॲपवर डोंबिवलीच्या भावाला पाठवते, आणि त्याच्या फोनवर थेट तेच पान उघडते. विभागापासून निवड करत यावे लागत नाही. यासाठी बांधणाऱ्याने सर्व्हरवरही त्या पत्त्याची सोय केलेली असावी लागते. पुशस्टेटने लिहिलेला पत्ता ब्राउझर त्या क्षणी सर्व्हरकडे तपासत नाही. म्हणून बहिणीच्या फोनवर सगळे सुरळीत दिसते आणि भावाला ‘पान सापडले नाही’ असे उत्तर मिळते. बांधून झाल्यावर तपासणी सोपी आहे. चौथ्या टप्प्यापर्यंत जावे, तिथला पत्ता कॉपी करून दुसऱ्या फोनवर उघडावा; मग पहिल्या फोनवर एकेक पाऊल मागे येत, प्रत्येक टप्प्यावर पत्ता, निवड आणि यादीतली आपली जागा तिन्ही जुळतात का ते पाहावे. आणि हे ऑफिसच्या वायफायवर करू नये. रेंजची एकच काडी असलेल्या जागी करावे.